हार्ट अटॅकनंतर कार्डियाक रिहॅब: कधी सुरू करायचं, किती करायचं, कुठे थांबायचं

हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली किंवा बायपास झाली, डिस्चार्ज मिळाला, हातात औषधांची भलीमोठी यादी आहे आणि घरी आल्यावर कळतच नाही की आता नक्की करायचं काय. जिना चढायचा का नाही, पिशवी उचलायची का नाही, छातीत जरा टोचलं की लगेच पळायचं का थोडं थांबून बघायचं. हॉस्पिटलमध्ये मॉनिटर होता, नर्स होती, घरी आपण आणि आपली धडधड. त्यात घरचे लोक पाण्याचा ग्लास उचलला तरी हातातून काढून घेतात, प्रेमापोटीच, पण त्याने आपली धास्ती अजून वाढते. हा लेख त्या पुढच्या तीन-चार महिन्यांसाठी आणि त्यात करायच्या कार्डियाक रिहॅबसाठी, म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या देखरेखीखालच्या व्यायाम-उपचारांच्या प्रोग्रॅमसाठी आहे. मी डॉक्टर नाही, अटॅक येऊन गेलेली आणि रिहॅब पूर्ण केलेली पेशंट आहे, त्यामुळे इथल्या कुठल्याही आकड्यापेक्षा तुमच्या कार्डिओलॉजिस्टनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचे रिपोर्ट त्यांनी बघितलेत, मी नाही.

आधी हे समजून घ्या की आत काय झालंय

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तिथल्या स्नायूला ऑक्सिजन मिळेना, आणि उपचार होईपर्यंत त्यातला काही भाग मेला. स्टेंटने, म्हणजे अँजिओप्लास्टीत आत बसवलेल्या जाळीच्या नळीने, रस्ता मोकळा होतो पण मेलेला स्नायू परत येत नाही, त्या जागी व्रण तयार होतो आणि तो पक्का व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. पहिले दोन महिने पायरी पायरीने चढत जायचं ते यासाठीच.

पण मेलेल्या भागाच्या आजूबाजूचा बराचसा स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो परत कामाला लागू शकतो. म्हणून इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमध्ये ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शनचा जो आकडा असतो तो वाचून लगेच हातपाय गाळू नका. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं किती टक्के प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकलं जातं तो हा आकडा, आणि ठणठणीत माणसाचा सुद्धा तो ५५ ते ७० च्या आसपासच असतो, १०० कुणाचाच नसतो. हे कुणी सांगत नाही आणि मग माणसं ४५ वाचून आपलं हृदय निम्मं गेलं असं समजून बसतात. अटॅकच्या दुसऱ्या दिवशीचा ईएफ आणि दीड ते तीन महिन्यांनी परत केलेल्या इकोतला ईएफ यात बऱ्याच जणांचा चांगला फरक पडतो, त्यामुळे दुसरा इको कधी करायचा ते डॉक्टरांना विचारून तारीख लिहूनच ठेवा.

आता रिहॅबचा यात काय उपयोग? व्यायामाने मेलेला स्नायू जिवंत होत नाही हे खरं, पण पायांचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला काढून घ्यायला लागतात, रक्तवाहिन्या मोकळ्या व्हायला शिकतात, नाडी शांत राहते, आणि मग तोच जिना चढायला हृदयाला आधीपेक्षा कमी राबावं लागतं. शिवाय रिहॅब म्हणजे नुसता व्यायाम नाही, त्यात औषधं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, खाणं, सिगारेट सोडणं आणि मनाचं दुखणं हे सगळं येतं. साधारण १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, बऱ्याच ठिकाणी एकूण ३६ सेशनचा प्रोग्रॅम असतो. हे सगळं करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि परत ॲडमिट व्हायची वेळ दोन्ही कमी होतात हे वेगवेगळ्या देशांतल्या कितीतरी अभ्यासांत दिसलंय.

"फक्त आराम करा" हा सल्ला कुठून आला

एकेकाळी हार्ट अटॅकच्या पेशंटला खरंच महिना-दीड महिना अंथरुणातून उठू द्यायचे नाहीत, व्रण भरायच्या आधी हृदय फाटेल ही भीती. १९५२ मध्ये सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी पेशंटना पलंगाऐवजी खुर्चीत बसवायचा प्रयोग मांडला, नुसतं खुर्चीत बसवायचा, आणि तेव्हा तेही भलतंच धाडस वाटलं होतं. मग १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं तर त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव भागापेक्षा जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं, आणि तीस वर्षं वय वाढून जेवढी क्षमता गेली होती त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांत जास्त गेली होती असं निघालं! आता विचार करा, ती पोरं ठणठणीत होती. आपण तर आजारातून उठतोय. त्यामुळे कुणी नातेवाईक म्हणाले ना की सहा महिने हलू नकोस, तर हा किस्सा त्यांना सांगा.

पहिली पायरी: रिहॅब मागून घ्या

हो, मागूनच घ्यावं लागतं. मला डिस्चार्जच्या वेळी रिहॅबचा र सुद्धा कुणी सांगितला नाही, नंतर फॉलोअपला मीच विचारल्यावर चिठ्ठी मिळाली. बायकांना आणि वयस्कर लोकांना रिहॅबसाठी कमी पाठवलं जातं ही जगभरातली रडगाथा आहे, आणि खरं तर फायदा त्यांनाही तेवढाच होतो. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी नाहीतर पहिल्या फॉलोअपला सरळ विचारायचं की मला कार्डियाक रिहॅबसाठी लिहून द्या. सगळं सुरळीत असेल तर डिस्चार्जनंतर एक ते तीन आठवड्यांत सुरू करता येतं, उशीर करू नका कारण जितका उशीर तितके जास्त लोक जातच नाहीत असं होतं, आज नको उद्या करत चालढकल होते आणि मग राहूनच जातं.

त्याच भेटीत अजून काही गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या, आठवणीच्या भरवशावर राहू नका, त्या दिवसांत डोकं चालत नाही. माझा ईएफ किती? कुठल्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे आणि अजून कुठे ब्लॉक शिल्लक आहे का, असेल तर त्याचं काय करायचं ठरलंय? ठोक्यांची काही गडबड दिसली होती का? स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून ईसीजी बघायची तपासणी, लागणार आहे का, आणि तोपर्यंत चालताना नाडी कितीच्या वर जाऊ द्यायची नाही? या एवढ्या उत्तरांवर तुमचा पुढचा सगळा व्यायाम ठरतो.

दुसरी पायरी: रिहॅब सुरू होईपर्यंतचे घरातले दिवस

पहिल्या आठवड्यात एवढा थकवा येतो की अंघोळ केली तरी पडून राहावंसं वाटतं. हे होतं, घाबरू नका. काही अटॅकमुळे, काही हॉस्पिटलातल्या पडून राहण्यामुळे आणि काही औषधांमुळे, खासकरून बीटा ब्लॉकर म्हणजे ठोके हळू करणाऱ्या गोळीमुळे.

डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली असेल तर सपाट जागेवर पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढीच सुरुवात. झेपलं तर रोज एखाद-दोन मिनिटं वाढवा. दोन आठवड्यांत एका दमात पंधरा मिनिटं चालायला लागलात तरी छान चाललंय. वेग कसा ठरवायचा तर चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर हळू व्हा. जेवल्या जेवल्या चालायचं नाही, तासभर तरी जाऊ द्या, कारण तेव्हा पोटाकडेही रक्त वळलेलं असतं. कडक ऊन किंवा कडाक्याची थंडी असेल तर घरातल्या घरातच फेऱ्या मारा. ताप असेल, अंग मोडून आलं असेल, रात्रभर झोप नसेल तर त्या दिवशी सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी एक पाऊल मागे जाऊन सुरू करायचं, काल बुडालं म्हणून आज डबल असलं काही करायचं नाही.

मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्या हाताने आठवडाभर जड काही उचलू नका, मांडीतून झाली असेल तर वाकणं, जोर लावणं, जिने हे थोडे दिवस बेतानेच. तिथे सूज वाढत गेली, रक्त आलं किंवा हात-पाय गार पडून बधिर झाला तर लगेच दाखवा.

बायपासवाल्यांचं गणित वेगळं. छातीचं हाड कापून परत जोडलेलं असतं आणि ते धरायला ६ ते १२ आठवडे जातात, त्यामुळे जड दार ढकलणं, काही ओढणं, हातावर जोर देऊन खुर्चीतून उठणं हे बंद. खोकताना-शिंकताना उशी छातीशी घट्ट धरा. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग उठा. छातीत हाड कट्‌कट् वाजल्यासारखं झालं किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर सर्जनला फोन.

तिसरी पायरी: रिहॅबचा पहिला दिवस

पहिल्या दिवशी व्यायाम फारसा नसतो, मोजमापच जास्त. वजन, कंबरेचा घेर, बीपी, औषधांची यादी, आणि एक लांबलचक फॉर्म ज्यात झोप लागते का, कशात मन रमतं का असले प्रश्न असतात, ते खरे खरे भरा. मग बहुतेक ठिकाणी सहा मिनिटं चालण्याची टेस्ट, लांब कॉरिडॉरमध्ये दोन खुणांच्या मध्ये फेऱ्या मारायच्या आणि सहा मिनिटांत किती मीटर झाले ते मोजायचे. धावायचं नाही, थांबलात तरी चालतं पण घड्याळ चालू राहतं. हा आकडा जपून ठेवा, शेवटच्या आठवड्यात हीच टेस्ट परत होते.

ट्रेडमिलच्या आधी छातीला ईसीजीचे स्टिकर लावतात, वायर कमरेच्या छोट्या डबीला, आणि तुमचे ठोके पलीकडच्या स्क्रीनवर दिसतात. पट्टा अगदी गोगलगायीच्या वेगाने सुरू होतो तरी पहिल्यांदा दोन्ही दांडे आवळून धरले जातात, तळहाताला घाम येतो, कानात ठोके ऐकू येतात, आणि सगळं लक्ष आत, आता दुखेल मग दुखेल. तेवढ्यात फिजिओ दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळते आणि विचारते, "किती नंबर?" आपण म्हणतो तेरा, ती म्हणते दांडा सोडून सांगा, दांडा सोडला तर निघतं अकरा. बाकीचे दोन श्रम भीतीचे होते. मला विचाराल तर पहिल्या दोन आठवड्यांत रिहॅबमध्ये हृदयापेक्षा ही भीतीच जास्त बरी होते, कारण कुणीतरी स्क्रीन बघत असताना आपण घाम येईपर्यंत चाललो आणि काहीही झालं नाही, हे शरीराला घरी बसून पटत नाही.

तो नंबर म्हणजे काय, आणि व्यायाम नेमका कसा

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार बोर्ग यांनी बनवलेली ही श्रमाची पट्टी, ६ पासून २० पर्यंत. ६ म्हणजे नुसतं बसलोय, ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरासं जड, १५ जड, २० म्हणजे आता जीव जातो. अशी विचित्र ६ पासून सुरुवात का, तर निरोगी तरुण माणसात त्या नंबरला दहाने गुणलं की साधारण नाडी येते, ६ म्हणजे ६०, १३ म्हणजे १३०. आपल्याला हे गुणाकार लागू नाहीत! बीटा ब्लॉकर नाडी दाबून ठेवतो, त्यामुळे २२० वजा वय हे मोबाईलवर सगळीकडे फिरणारं सूत्र आणि मनगटावरच्या घड्याळातले रंगीत झोन दोन्ही आपल्यासाठी निकामी, त्या आकड्याच्या मागे लागलात तर गरजेपेक्षा जास्त ताण घ्याल. सुरुवातीला ११ ते १३ मध्ये राहायचं. स्ट्रेस टेस्ट झालेली नसेल तर बऱ्याच ठिकाणी बसलेल्या नाडीपेक्षा २० ठोके जास्त एवढीच हद्द देतात, टेस्ट झाली की मग तुमच्या स्वतःच्या आकड्यांवरून ठरवतात.

सेशनची रचना अशी. आधी १० ते १५ मिनिटं वॉर्मअप, हळू चालणं, हातपाय मोकळे करणं. मग मुख्य भाग, ट्रेडमिल किंवा सायकल, सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं तेही मध्ये मध्ये थांबत, पुढे वाढवत ३० ते ४० मिनिटांपर्यंत. आधी वेळ वाढवायची, मग वेग, दोन्ही एकाच आठवड्यात नाही. आणि शेवटी १० मिनिटं कूलडाऊन. लोक वॉर्मअप करतात पण कूलडाऊनला कंटाळतात आणि खरं तर गडबड तिथेच होते. व्यायामात पायातल्या रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, एकदम थांबलात की रक्त पायातच साचतं, बीपी खाली येतं, चक्कर येते, ठोके बिघडू शकतात, आणि आपण घेतो त्या औषधांनी बीपी आधीच कमी असतं. व्यायाम झाल्या झाल्या गरम पाण्याची अंघोळ पण त्याच कारणासाठी नको.

वजनं उचलायचा व्यायाम काही आठवडे नुसतं चालणं नीट जमल्यावर, फिजिओ सांगेल तेव्हाच, बायपास असेल तर छाती-खांद्याचा भाग साधारण १२ आठवड्यांनंतर. हलकं वजन, १० ते १५ वेळा, उचलताना श्वास सोडायचा. दात-ओठ खाऊन श्वास कोंडून जोर लावायचा नाही, त्याने बीपी झटक्यात वर जातं, आणि बद्धकोष्ठ झालेल्यांनी हे टॉयलेटमध्ये पण लक्षात ठेवायचं.

कुठे थांबायचं

हे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. व्यायाम करताना किंवा बसल्या बसल्या छातीत दाब, आवळल्यासारखं, जळजळ, ते हातात, जबड्यात, पाठीत जाणं, थंड घाम, मळमळ, एकदम धाप, डोळ्यापुढे अंधारी, ठोके चुकल्यासारखे किंवा भलतेच जोरात, यातलं काहीही झालं की थांबा आणि बसा. बायकांमध्ये, वयस्करांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये कधीकधी छातीत फारसं दुखत नाही, नुसती धाप, मळमळ नाहीतर न समजणारा थकवा येतो, त्याला ॲसिडिटी म्हणून ढकलून देऊ नका.

छातीत दुखल्यावर घ्यायची जिभेखालची नायट्रेटची गोळी दिलेली असेल तर ती घ्यायच्या आधी बसायचं, कारण बीपी पडतं आणि उभे असाल तर कोसळाल. एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही. ५ मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं तर ॲम्ब्युलन्स, तेव्हा स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. ही गोळी स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवून उपयोग नाही, जवळ पाहिजे, मूळ बाटलीत पाहिजे कारण उजेड आणि हवा लागून ती निकामी होते, आणि घरात अजून एकाला तरी ती कुठे आहे हे माहीत पाहिजे.

टाचणीसारखं क्षणभर टोचणं, बोटाने दाबलं की दुखणं, कूस बदलल्यावर दुखणं हे बहुतेक वेळा स्नायूंचं असतं. तरी पुढच्या सेशनला सांगा, त्यासाठीच ते आहेत. अजून एक, सकाळी वजन करत जा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पायाला सूज आली, रात्री उशा वाढवून झोपावं लागतंय, तर अंगात पाणी साठतंय, डॉक्टरांना लगेच कळवा.

चौथी पायरी: औषधं

रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात, एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यातली. अटॅकनंतर या दोन्ही मिळून साधारण वर्षभर चालतात, आणि स्वतःच्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत अटॅक येऊ शकतो. दात काढायचाय, छोटं ऑपरेशन आहे, कुणी म्हणालं गोळी बंद करा, तर आधी कार्डिओलॉजिस्टला विचारायचं मग काय ते करायचं. शौचाला काळं होणं किंवा रक्त न थांबणं हे मात्र लगेच सांगा.

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, ती कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी देतात. अटॅकनंतर एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल किती खाली आणायचं याचं उत्तर बऱ्याच गाईडलाईन्समध्ये ५५ च्या खाली असं आहे, त्यामुळे लॅबच्या कागदावर नॉर्मल म्हणून छापलेला आकडा आपल्यासाठी नाही. महिना-दोन महिन्यांनी परत तपासून डोस ठरवतात. अंग दुखायला लागलं तर सांगा, गोळी बदलता येते, गुपचूप बंद करू नका. तसंच काही बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, टिकाग्रेलॉरने काही जणांना बसल्या बसल्या श्वास कमी पडल्यासारखं वाटतं, दोन्हीवर उपाय आहेत. बीटा ब्लॉकर एकदम तोडायचा नाही. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणून घ्यायचं नाही, त्याने हृदयाचा धोका पण वाढतो आणि रक्तस्रावाचा पण.

आणि जे विचारायला लाज वाटते ते: जिभेखालची गोळी किंवा कुठलंही नायट्रेट आणि लिंगाच्या ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिल-टॅडालाफिल जातीच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर बीपी जिवावर बेतेल एवढं कोसळू शकतं. घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांना यात नवीन काही नाही.

पाचवी पायरी: डोकं

याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. रात्री झोपताना भीती वाटते की सकाळी उठेन का, कारण नसताना रडू येतं, घरच्यांवर चिडचिड होते, पंधरा मिनिटांनी एकदा नाडी बघितली जाते. अटॅकनंतर पाचातल्या एकाला तरी खरं डिप्रेशन येतं, आणि ज्यांना येतं ते औषधं चुकवतात, व्यायाम सोडतात, सिगारेट परत धरतात, म्हणजे ते नुसतं मनापुरतं राहत नाही. दोन आठवड्यांच्या वर रोज असंच वाटत असेल, काही करावंसंच वाटत नसेल, तर रिहॅबच्या टीमला सांगा, हृदयाच्या पेशंटला चालतील अशी औषधं आहेत, समुपदेशन आहे. बीपी मशीन आणि ऑक्सिमीटर दिवसातून वीस वेळा लावत असाल तर घरच्यांकडे देऊन टाका, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच मोजा. जोडीदाराला एखाद्या सेशनला सोबत न्या. तुम्हाला ट्रेडमिलवर घाम गाळताना बघितलं की घरातला पाण्याच्या ग्लासचा प्रॉब्लेम आपोआप सुटतो.

सिगारेट, खाणं, लस

सिगारेट-तंबाखू सोडणं हे या यादीतलं सगळ्यात मोठं औषध, अटॅकनंतर जे सोडतात त्यांच्यात मृत्यूचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी दिसतो. कमी करतो हे उत्तर चालत नाही, बंदच. निकोटिन गम, पॅच, औषधं मिळतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला जाणारे बरेच जण महिन्याभरात परत ओढतात.

खाण्याचं फार गुंतागुंतीचं करू नका. मीठ दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांतलं मीठ पण धरायचं. भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं, सुकामेवा, खात असाल तर मासे, हे जास्त. तळलेलं, वनस्पती तूप, गोड पेयं, प्रक्रिया केलेलं मांस कमी. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असताना कुणी सुचवलेली हर्बल पावडर विचारल्याशिवाय घेऊ नका. बीपी १३०/८० च्या आत आणि शुगर असेल तर ती ताब्यात, याचं टार्गेट डॉक्टरांकडून घ्या. दरवर्षी फ्लूची लस पण घ्या, फ्लूने हृदयावर ताण येऊन परत अटॅक यायची शक्यता वाढते.

काम, गाडी, आणि बेडरूम

बसून काम असेल तर बरेच जण दोन ते चार आठवड्यांत परत जातात, अंगमेहनतीचं असेल तर दोन-तीन महिने लागू शकतात, आणि त्यांनी स्ट्रेस टेस्ट करूनच जावं. जमलं तर सुरुवात अर्ध्या दिवसाने करा. गाडी चालवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ट्रक-बस चालवणाऱ्यांसाठी जास्त कडक, विम्याच्या अटी पण असतात, तेव्हा लेखी परवानगी घ्या. सेक्सबद्दल साधा निकष असा की दोन जिने भरभर चढून छातीत दुखलं नाही आणि फार धाप लागली नाही तर तेवढे श्रम हृदयाला झेपतात, बायपास असेल तर निदान ६ ते ८ आठवडे आणि हाड भरेपर्यंत थांबा आणि छातीवर भार येऊ देऊ नका.

सेंटर लांब असेल किंवा प्रोग्रॅम संपला असेल तर

जवळपास रिहॅब सेंटर नाही म्हणून सोडून देऊ नका. कमी किंवा मध्यम धोक्याच्या पेशंटमध्ये घरी केलेलं रिहॅब सेंटरइतकंच काम करतं, फक्त ते खरं रिहॅब पाहिजे, म्हणजे सुरुवातीला तपासणी, लिहून दिलेला व्यायाम, आणि ठराविक दिवशी फोनवर किंवा व्हिडिओवर कुणीतरी विचारणारं. स्वतःच्या मनाने फिरायला जाणं चांगलंच आहे पण ते रिहॅब नाही. ईएफ खूप कमी असेल, ठोक्यांची गडबड असेल, ब्लॉक शिल्लक असतील तर सुरुवातीचे काही आठवडे तरी सेंटरमध्ये, मॉनिटरवरच करा.

बारा आठवडे झाले की खरी परीक्षा, कारण तिथे कुणी "किती नंबर" विचारायला नसतं आणि व्यायाम थांबवला तर कमावलेलं काही आठवड्यांत उतरायला लागतं. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, पाच दिवस तीस-तीस मिनिटं, आणि दोन दिवस हलकी वजनं, एवढं कायमचं धरून चला. एक वही ठेवा, त्यात तारीख, मिनिटं, नंबर आणि काही त्रास झाला का एवढंच. दर फॉलोअपला ती घेऊन जा, डॉक्टरांना पाच मिनिटांत जेवढं तोंडी सांगता येत नाही तेवढं त्यातून दिसतं.

आणि तुमच्या शेवटच्या ईसीजीचा फोटो, डिस्चार्ज समरी, स्टेंटचं कार्ड आणि औषधांची चालू यादी मोबाईलमध्ये एका फोल्डरला ठेवा, घरातल्या एकाला पाठवून ठेवा. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा ईसीजी बऱ्याचदा कायमचाच वेगळा दिसतो, आणि प्रवासात कुठे ॲडमिट व्हायची वेळ आली तर समोरच्या डॉक्टरला हा बदल आजचा का जुना हे ठरवायला तो जुना कागदच लागतो.